‘अल-बकरा’ म्हणजे गाय, पण अध्याय गायीवर नाही

‘कुराणाच्या दुसऱ्या अध्यायाचं नावच गाय, म्हणजे त्यात गाय कापण्याचा कायमचा हुकूम आहे’ असा मेसेज दोन-तीन ग्रुपवर फिरतोय. नावाचा अर्थ बरोबर आहे, पुढचा निष्कर्ष चुकीचा. भाषांतर काढून तो भाग वाचला, म्हणून लिहितोय.

या अध्यायात २८६ आयती (वचनं) आहेत. त्यातल्या ६७ ते ७३ एवढ्याच गायीच्या प्रसंगाच्या, आणि तोही मुसा (मोझेस) व त्याच्या इस्राएली लोकांचा जुना प्रसंग. एका खुनाचा छडा लागत नसतो. मुसा सांगतो, देवाची आज्ञा आहे, एक गाय बळी द्या. लोक आधी म्हणतात, थट्टा करतोस का? मग प्रश्नांवर प्रश्न: कसली गाय? रंग कोणता? उत्तरं येत जातात. म्हातारी नाही, कालवडही नाही, पिवळीधमक, नांगराला न जुंपलेली, अंगावर डाग नसलेली. रोख आहे तो लोकांच्या चालढकलीवर.

कुराणातल्या बऱ्याच अध्यायांची नावं अशी आतल्या एखाद्या शब्दावरूनच पडली आहेत. मधमाशी, मुंगी, कोळी हीसुद्धा अध्यायांचीच नावं.

अध्याय बहुतांशी मदिनेतला, म्हणजे ६२२ च्या हिजरतीनंतरचा (पैगंबर मक्का सोडून मदिनेला गेले, त्यानंतरचा). बाकीच्या भागात रमजानचे रोजे, किब्ल्याची दिशा (नमाज पढताना तोंड कुठे करायचं ते), तलाक, व्याजबंदी आहे. कुराणातली सर्वांत लांब आयत, २८२वी, चक्क उधारी लिहून ठेवा, साक्षीदार घ्या, असं सांगते! ‘धर्मात जबरदस्ती नाही’ ही २५६वी आयतही इथलीच.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हे टाका.