तणनाशक उत्परिवर्तन घडवत नाही, निवड करते

ग्लायफोसेट या तणनाशकाला दाद न देणाऱ्या, म्हणजे प्रतिकारक तणांवरील लेखातील ‘ग्लायफोसेटमुळे तणांत उत्परिवर्तन होते’, म्हणजे जनुकांत बदल घडतो, हे विधान दुरुस्त करावे असे वाटते. बदल झालेली एखाददुसरी रोपे शेतात आधीपासूनच असू शकतात. वर्षानुवर्षे एकच रसायन फवारल्याने बाकीची मरतात आणि या बदललेल्या रोपांचेच बी जमिनीत साठत जाते.

हा बदल दर वेळी एकाच प्रकारचा नसतो, आणि मला तर हाच भाग सर्वांत विलक्षण वाटतो. ग्लायफोसेट हे वनस्पतीतील ईपीएसपीएस नावाच्या विकराला (एन्झाइमला) निकामी करते. मलेशियात सापडलेल्या प्रतिकारक इल्यूसिन इंडिका या गवतात (हे आपल्या नाचणीचे जवळचे नातलग) त्या विकरातील १०६ क्रमांकाचे प्रोलीन बदलून सेरीन आले होते, म्हणजे बदल अवघ्या एका अमिनो आम्लाचा होता. याउलट अमेरिकेतील जॉर्जियाच्या कापूसशेतांत आढळलेल्या पामर अमरँथने, म्हणजे राजगिऱ्याच्याच कुळातील तणाने, विकर मुळीच बदलले नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार प्रतिकारक रोपांत हे विकर तयार करणाऱ्या जनुकाच्या प्रती साध्या रोपांच्या तुलनेत ५ पटींपासून १६० पटींहून अधिक होत्या, त्यामुळे विकर इतके तयार होत होते की फवारलेले औषध त्याला पुरे पडत नव्हते. त्यातच या तणाची नर आणि मादी झाडे वेगळी असून पराग वाऱ्यावर पसरतात, म्हणून हा गुण शेजारच्या शेतातही पोहोचतो. तेव्हा लेखात सुचवल्याप्रमाणे नुसती मात्रा वाढवणे, माझ्या मते, अधिक प्रती असलेल्या रोपांनाच निवडून ठेवणे ठरेल.