छर्ऱ्याचे काडतूस ‘कागदाची पुडी’ नव्हते: एका प्रचलित दाव्याचा प्रतिवाद

जुन्या बंदुकांविषयीच्या मराठी लिखाणात आणि व्हॉट्सॲपवरून फिरणाऱ्या मजकुरांत एक दावा वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा वाचायला मिळतो. त्याचा गोषवारा असा: सुरुवातीचे छर्ऱ्याचे काडतूस म्हणजे दारू आणि छर्रे बांधलेली कागदाची पुडी होती, धातूचे काम जमत नव्हते म्हणून कागद वापरावा लागला, पिन असलेले फ्रेंच काडतूस हा धोकादायक आणि फसलेला प्रयोग होता, खरे काडतूस सैन्यांनी १८६० नंतर घडवले आणि शिकाऱ्यांनी ते मागाहून उचलले, आणि ‘बारा बोअर’ म्हणजे बारा छर्ऱ्यांचे काडतूस. या पाच विधानांपैकी दोनांत थोडा सत्यांश आहे, पण एकही जसेच्या तसे टिकत नाही. पहिले विधान सर्वांत जास्त दिशाभूल करणारे आहे, कारण बाकीचे गैरसमज त्यातूनच निघतात.

पुडीची कल्पना आपल्याकडे बहुधा १८५७ च्या आठवणीतून आली असावी. काडतूस या वस्तूशी आपली पहिली ओळख शाळेच्या इतिहासात होते, आणि ते काडतूस १८५३ च्या नमुन्याच्या एन्फिल्ड रायफलीचे असते. ते खरोखरच पुडीसारखे होते. शिपायाने कागदाचे टोक दाताने तोडायचे, दारू नळीत ओतायची, वंगण लावलेल्या कागदात गुंडाळलेली गोळी नळीच्या तोंडात बसवायची, उरलेला कागद फाडून टाकायचा आणि गजाने गोळी खाली ठासायची. बार पेटवण्यासाठी लागणारी टोपी वेगळी लावायची. मोजलेली दारू आणि गोळी एकत्र ठेवणे, एवढेच त्या पुडीचे काम होते. ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून भरायच्या, शिकारी बंदुकीसाठीही अशा तयार पुड्या वापरल्या जात.

त्या काळातले आणखी एक ‘काडतूस’ या गोंधळात भर घालते. लंडनच्या एली बंधूंनी १८२० च्या दशकाच्या अखेरीस तारेचे काडतूस विकायला सुरुवात केली. त्यात बारीक तारेच्या जाळीच्या पिंजऱ्यात छर्रे भरलेले असत, छर्ऱ्यांमधल्या फटींत हाडांची पूड असे आणि वरून कागद गुंडाळलेला असे. यात दारू मुळीच नसे. ती नळीत आधी ओतायची आणि मग हा पिंजरा ठासायचा. छर्रे लांबपर्यंत एकत्र जावेत हा त्याचा हेतू होता, आणि पिंजरा वेळेवर उघडला नाही तर सगळे छर्रे एखाद्या गोळीसारखे एकगठ्ठा जात, हा त्याचा दोष होता. नाव काडतुसाचे असले तरी बंदुकीच्या मागच्या बाजूने भरायच्या काडतुसाशी त्याचे फारसे नाते नाही.

मागून भरायच्या काडतुसाचा प्रश्नच निराळा होता. बंदूक मागून उघडायची म्हटले की नळी आणि मागचा ठोकळा यांच्यामध्ये फट येते. बार उडाला की पेटलेल्या दारूचा वायू त्या फटीतून मागे, म्हणजे थेट नेमबाजाच्या तोंडाकडे धावतो. मागून भरायच्या बंदुका शतकानुशतके अधूनमधून बनत आल्या आणि बहुतेक याच वायुगळतीपाशी अडल्या. स्विस बंदूककार सॅम्युअल योहानेस पॉली यांनी १८१२ साली पॅरिसमध्ये पेटंट घेतलेल्या काडतुसाला पितळी बूड होते, बुडाच्या मध्यभागी पेटवणारे द्रव्य होते आणि पुढे कागदी नळी जोडता येत असे. जानेवारी १८१३ मध्ये नेपोलियनला दिलेल्या माहितीनुसार या बंदुकीतून दोन मिनिटांत २२ बार काढून दाखवण्यात आले. पुढे तो व्यवसाय हस्तांतरित होत फ्रेंच बंदूककार कासिमिर लफोशो यांच्याकडे आला, आणि १८३५ साली त्यांनी पिनचे काडतूस आणले.

या काडतुसाचा उभा छेद डोळ्यांसमोर आणला म्हणजे ‘पुडी’ हा शब्द किती चुकीचा आहे ते कळते. घट्ट गुंडाळलेल्या कागदाची ताठ नळी. तिच्या बुडाला पातळ पितळेची वाटी. वाटीच्या आत दाबून बसवलेली कागदाची जाड चकती. त्या चकतीत एक छोटी पोकळी आणि पोकळीत आडवी ठेवलेली टोपी, म्हणजे आपल्याकडे ठासणीच्या बंदुकीला लागते तीच केप. पितळेच्या कडेतून एक पिन आत शिरते आणि तिचे टोक टोपीवर टेकलेले असते. पिनचे दुसरे टोक नळीच्या मागच्या कडेला कोरलेल्या खाचेतून वर डोकावते आणि घोडा त्याच्यावर वरून आपटतो. चकतीच्या पुढे दारू, दारूवर पुठ्ठ्याची पातळ चकती, तिच्यावर वंगण लावलेला नमद्याचा जाड डाट, मग छर्रे, छर्ऱ्यांवर पुन्हा पातळ पुठ्ठा, आणि शेवटी नळीची कड हाताने फिरवायच्या यंत्राने आत वळवलेली.

यातला प्रत्येक थर काही काम करतो. बार होताच बुडाची वाटी आणि नळी फुगून बंदुकीच्या घराला, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या पोकळीला, चिकटते, फट बुजते, आणि दाब ओसरला की ती सैल पडून बाहेर काढता येते. पॅरिसच्या ऊलिये यांच्या १८४६ च्या पेटंटाने ही वायुरोधक बैठक अधिक भरवशाची केली. डाटाचे कामही असेच नेमके आहे: वायू छर्ऱ्यांत घुसला तर छर्रे विस्कटतात, म्हणून डाट नळीला घासत वायू मागेच रोखतो, आणि त्याचे वंगण काळ्या दारूची काजळी मऊ ठेवते. वळवलेली कडसुद्धा केवळ झाकण नाही. दारू नीट पेट घेईपर्यंत ती छर्ऱ्यांना क्षणभर अडवून धरते, आणि कड ढिली असेल तर बार मंदावतो. थोडक्यात, हे काडतूस बंदुकीच्या यंत्रणेचाच दर बाराला बदलला जाणारा भाग होते.

आता कागद आणि धातूविषयी. पितळेची लांब, एकसंध नळी स्वस्तात ओढून काढणे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर सोपे नव्हते, हे खरे. ब्रिटिश सैन्याच्या स्नायडर रायफलीचे १८६० च्या दशकातले काडतूससुद्धा पितळेचा पातळ पत्रा गुंडाळून, लोखंडी बूड जोडून बनवलेले होते. परंतु अडचण फक्त तीच असती, तर संपूर्ण पितळेची काडतुसे बाजारात येताच कागद मागे पडला असता. तसे झाले नाही. छर्ऱ्याच्या बंदुकीसाठी पितळी काडतुसे एकोणिसाव्या शतकातच मिळू लागली होती, ती पुन्हा पुन्हा भरताही येत, आणि तरीही कागदी नळी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्लास्टिक येईपर्यंत टिकून राहिली. याचे कारण दाबात आहे. छर्ऱ्याच्या बंदुकीची नळी रुंद असते आणि तिच्यातला दाब रायफलीच्या मानाने बराच कमी असतो. तो दाब पोलादी घर पेलते. काडतुसाने फक्त फट बुजवायची असते. त्याला कागद पुरतो, तो हलका आणि स्वस्त असतो आणि त्याची कड सहज वळते. कागदाचा खरा दोष ओलावा हा होता. दमट हवेत नळी फुगली की काडतूस घरात शिरत नसे, आणि कोकणातल्या पावसाळ्याची कल्पना असलेल्याला हा दोष किती जाचक असेल ते सांगायला नको. बुडाचे पितळ जितके उंच तितके काडतूस जोरदार, ही समजूतही येथेच निकालात निघते, कारण ताकद दारूच्या जातीवर आणि वजनावर ठरते, पितळेच्या उंचीवर नाही.

पिनच्या काडतुसाला फसलेला प्रयोग म्हणणे मला सर्वांत अन्यायाचे वाटते. त्याचे दोष उघड आहेत. पिन खाचेत बसेल अशाच बेताने काडतूस घालावे लागे, त्यामुळे घाईत वेळ जाई. पिनच्या भोकातून थोडा वायू निसटे. आणि बाहेर आलेल्या पिनवर नेमका जोराचा आघात झाला तर काडतूस उडण्याचा धोका होता. म्हणून ही काडतुसे काळजीपूर्वक न्यावी लागत. पण त्याच पिनमुळे बंदूक भरलेली आहे की नाही हे एका नजरेत कळे, आणि रिकामे काडतूस पिनला धरून बाहेर ओढता येई. लंडनच्या १८५१ च्या महाप्रदर्शनात लफोशो यांची बंदूक मांडली गेली, आणि १८५३ च्या सुमारास तिथल्या जोसेफ लँग यांनी त्या पद्धतीच्या बंदुका बनवायला सुरुवात केली. ‘द फील्ड’ या साप्ताहिकाने घेतलेल्या १८५८ च्या चाचणीत ठासणीच्या बंदुका सरस ठरल्या होत्या. पुढच्याच वर्षीच्या चाचणीत हे अंतर बरेच कमी झाले. पिनची काडतुसे युरोपात विसाव्या शतकातही बनत राहिली. फसलेला प्रयोग इतकी वर्षे विकला जात नाही.

पिनची जागा घेणारे, बुडाच्या मध्यभागी टोपी असलेले काडतूससुद्धा शिकारी बंदुकीतच रुळले. फ्रान्समध्ये पोते यांनी १८५५ साली त्याचा आराखडा दिला, आणि १८६१ साली लंडनच्या जॉर्ज डॉ यांनी श्नायडर यांच्या पेटंटावर आधारलेले काडतूस बाजारात आणले. एली यांनी तसेच काडतूस काढल्यावर डॉ यांनी दावा लावला, पण तो ते हरले, आणि हे काडतूस बनवणे इतरांनाही मोकळे झाले.

चौथ्या विधानाला यातच बरेचसे उत्तर मिळते. सैन्ये पुढे आणि शिकारी मागे, असा क्रम छर्ऱ्याच्या काडतुसाबाबत नव्हता. प्रशियाच्या सैन्याने १८४१ पासून स्वीकारलेली ड्रायझे यांची सुईची रायफल (जिची लांब सुई काडतुसात घुसून बार पेटवी) हा अपवाद मान्य केला पाहिजे. तिचे कागदी काडतूस स्वयंपूर्ण होते, पण त्याला धातूचे बूड नव्हते आणि मागची वायुगळती हीच तिची कायमची तक्रार राहिली. फ्रेंच नौदलाने १८५८ साली पिनच्या काडतुसाचे रिव्हॉल्व्हर घेतले, तेव्हा शिकारी ते काडतूस वीसहून अधिक वर्षे वापरत होते. ब्रिटिश पायदळाला स्नायडर १८६६ नंतर मिळाली. म्हणजे बराकपूरमध्ये २९ मार्च १८५७ रोजी मंगल पांडे यांनी बंदूक उचलली, त्या वेळी लंडनचा एखादा श्रीमंत शिकारी दाताने काही न तोडता आपल्या दुनळीत दोन काडतुसे मागून सरकवत होता. सैन्यांच्या रेंगाळण्याला कारणे होती: लाखो काडतुसांचा खर्च, कोठारांत आधीच पडून असलेल्या ठासणीच्या बंदुका, आणि युद्धभूमीवर माल पोहोचवण्याची चिंता. शिकाऱ्याला यातले काहीच आड येत नव्हते.

उरले बारा बोअर. ज्या शिशाच्या गोळ्या एका पौंडात, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅममध्ये, बरोबर बारा बसतात, त्या गोळीइतका नळीचा व्यास, म्हणजे सुमारे १८.५ मिलिमीटर, असा त्याचा अर्थ आहे. म्हणूनच सोळा बोअरची नळी बारापेक्षा अरुंद असते. काळ्या दारूच्या काळातल्या नेहमीच्या बारा बोअर काडतुसात सुमारे ३२ ग्रॅम छर्रे भरत, आणि इंग्रजी ६ नंबरचे छर्रे असतील तर ते तीनशेच्या वर होत. एसजी नावाच्या मोठ्या छर्ऱ्यांचे काडतूस असेल तर जेमतेम नऊ.