नवीन बॅट आणि खालचे काका

परवा माझी १४ हजारांची बॅट गेली. गेली म्हणजे चोरीला नाही, वारली. वय तीन रविवार.

दुकानदाराने बॅटवर एक जुना लेदर बॉल टाकला तर तो टण्णकन उडून पार ट्यूबलाईटपर्यंत गेला. "साहेब, पिंग ऐका नुसता." ऐकला. मग ग्रेन्स, म्हणजे लाकडावरच्या उभ्या रेषा, मोजायला लावल्या, नऊ भरल्या, पत्रिकेतले गुण मोजावेत तशा मी दोनदा मोजल्या. लाकूड इंग्लंडचं, घडवलेली मेरठला, आणि कडा केवढ्या जाड! नियमात २०१७ पासून ४० मिलिमीटरच्या वर कड चालत नाही, हिची ३९. एवढं असून उचलली तर हातात काही आहे की नाही कळेना. एवढी जाड बाई एवढी हलकी कशी हा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता पण मी आरशासमोर स्टान्स घेऊन उभा होतो. नंतर कळलं की लाकूड जास्त वाळवतात, पूर्वीसारखं दाबून दाबून कडकही करत नाहीत, म्हणजे पहिल्या दिवसापासून बॉल पळतो. आणि मग बॅटही पळते, आपल्याला सोडून.

घरी आणली तर आधी जवसाचं तेल पाजा, बाळाला चोळतात तसं, एका दिवशी जास्त नाही, हँडलला लागू द्यायचं नाही. मग नॉकिंग. लाकडी हातोडीने सहा तास ठोकायची. दिवसा ऑफिस, म्हणून रोज रात्री दहा ते साडेदहा, म्हणजे १२ रात्री. तिसऱ्या रात्री बेल वाजली. खालचे काका.

"अहो रोज कसले खिळे मारताय?"

बॅट दाखवली. झालं, काका मुंबईची कांगा लीग खेळलेले निघाले, पावसात, ओल्या विकेटवर वगैरे. हातोडी माझ्या हातातून काढून घेतली, "असं नाही रे, मनगट सैल सोड, कडेला हळू." दुसऱ्या दिवसापासून ठोक्याला दहा वाजता हजर. बायको चहा ठेवायची आणि माझ्याकडे बघायची.

पहिल्या रविवारी कडेची ढपली उडाली. दुसऱ्या रविवारी मी पहिल्याच बॉलला आऊट, त्यामुळे बॅट सुखरूप. तिसऱ्या रविवारी थेट पायाशी यॉर्कर आला, मी कसाबसा खणून काढला आणि बॅटच्या खालच्या टोकापासून वर चांगली वीतभर चीर.

दुकानदाराने बॅट उजेडात धरली. "यॉर्कर होता?"

"हो."

"मग!" जसा काही मीच टाकला होता. मग म्हणे तेल जास्त झालं. मी म्हटलं दोनच हात दिले, तर म्हणे मग कमी झालं. "आणि विलोला वॉरंटी नसते साहेब, नैसर्गिक लाकूड आहे."

नैसर्गिक तर मामाची बॅटही होती. ८८ साली मामा काश्मीरला गेला, येताना तिथल्या संगम गावात हायवेवर रचून ठेवलेल्या बॅटींतून एक उचलून आणली, अक्रोडांबरोबर. ओंडकाच होता, स्ट्रोक शून्य, मधोमध लागला तरी बॉल जेमतेम मिडऑनपर्यंत. पण रबरी बॉल, टेनिस बॉल, सीझन बॉल, सगळं खाल्लं तिने. तिनेच आम्ही स्टंप ठोकायचो, दुपारी तीच आजी पापडांवरचे कावळे हाकलायला घेऊन बसायची. तेल लागलंच असेल तर आमच्या हाताचं, वड्याचं. ती अजून माळ्यावर आहे, हँडलला सायकलची ट्यूब गुंडाळलेली, तीही तेव्हाचीच.

बायको म्हणाली लोखंडाची घे एकदाची. म्हटलं बाई, १९७९ ला ऑस्ट्रेलियाचा डेनिस लिली पर्थला अॅल्युमिनियमची घेऊन उतरला होता, इंग्लंडच्या कॅप्टनने तक्रार केली की बॉल खराब होतोय, आणि पुढे नियमच झाला की बॅट लाकडाचीच हवी. "मग बॉल टिकावा म्हणून तुमची १४ हजारांची मोडायची का?" यावर उत्तर सुचलं नाही.

खरी भीती काकांची होती. दोन दिवस लिफ्ट टाळून जिन्याने गेलो. काल जिन्यातच गाठलं त्यांनी. सांगून टाकलं सगळं. काका कठड्याला धरून थोडा वेळ गप्पच.

"अरे पण," म्हणाले, "सहा तास ठोकली होती ना आपण?"