मावशींचं नाव

भांडण लागलं ते शालीवरून.

सांगलीच्या विश्रामबागेत शंभर फुटी रस्त्याकडं वळायच्या आधी एक बंद पडलेलं झेरॉक्सचं दुकान आहे. त्याच्या पायरीवर आम्ही रोज रात्री बसतो. समोर चहाचा गाडा, मधे कागदावर भडंग. एप्रिल संपत आलेला, त्यामुळं नऊ वाजून गेले तरी पायरी बुडाला चटके देत होती. अशात विन्या आला आणि म्हणाला, "प्रत्येकी तीनशे काढा."

"कुणाचा वाढदिवस?"

"बारा मेला परिचारिका दिन असतोय. बाबा जिथं आहेत त्या नर्सिंग होमच्या सगळ्या स्टाफचा सत्कार करायचा. शाल, श्रीफळ. नऊ जण आहेत."

"नर्सिंग होममध्ये? बाबांची डिलिव्हरी हाय का काय?" संज्या म्हणाला, आणि पहिला हशा झाला.

त्याचं चूक नव्हतं. आपल्याकडं नर्सिंग होम म्हणजे पाटीवर डॉक्टर नवरा-बायकोची नावं, खाली मेडिकल, वर दहा-पंधरा खाटा. सरकारी मराठीत शुश्रूषागृह. 1949 च्या नोंदणी कायद्याच्या मराठी नावात हा शब्द आहे, पण तो कुणाला तोंडानं म्हणताना मी ऐकलेलं नाही. विन्याचे बाबा आहेत ती जागा वेगळी. पक्षाघात झालेली, विसरायला लागलेली, अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं तिथं राहतात. वृद्धाश्रम म्हणायला विन्याची जीभ वळत नाही, म्हणून तो नर्सिंग होम म्हणतो आणि आम्हीही तेच म्हणतो. मित्राची एवढी अब्रू सांभाळायला आपलं काय जातंय.

अण्णा मात्र असलं काही सांभाळत नाहीत. तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते, सुट्ट्या पैशावरून माणसाची पारख करतात. म्हणाले, "महिन्याला बावीस हजार मोजतोस नव्हं? मग सत्कार कसला? मी आयुष्यभर तिकिटं फाडली, मला कुणी शाल घातली का?"

"निवृत्तीला घातली होती की."

"ती आमच्याच वर्गणीतली. आणि खरं सांगू का विनायक, पोटची पोरं असताना बापाला परक्यानं पुसायचं, आणि त्या परक्याला आपण नारळ द्यायचा, हे काय मला पटत न्हाई."

कोणीच काही बोललं नाही. गाड्यावरचा स्टोव्ह तेवढा फरफरत होता. मग संज्या एकदम उसळला, "अण्णा, तुमच्या वडलांना बघायला तुमची आई होती, दोन वहिन्या होत्या. तुम्ही त्या वेळी होता तासगाव गाडीवर. एक दिवस तरी भांडं धरलं होतं का?"

अण्णांनी भडंगातला शेंगदाणा शोधायला घेतला.

विन्यानं आठ महिने बाबांना घरी ठेवलं होतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. दोघं नवरा-बायको नोकरीला, मुलगी बारावीला. एका पहाटे बाबा न्हाणीत पडले आणि उचलताना विन्याही पडला. त्यानंतर हे झालं. तो ते सांगत बसत नाही. त्या रात्रीही सांगितलं नाही.

तेवढ्यात सुनीताची गाडी थांबली. शाळेत आमच्या वर्गात होती, आता मिरजेला स्टाफ नर्स आहे. ड्युटी सुटली की कधीमधी अर्धा कप पिऊन जाते. तिला सगळं सांगितलं. तिनं हेल्मेट काढायच्या आधीच विचारलं, "मे महिन्यात शाल?"

"अगं, मानाची असते."

"माझ्या कपाटात सात आहेत मानाच्या. 22 मार्च 2020 ला संध्याकाळी पाच वाजता सगळ्यांनी थाळ्या वाजवल्या, आमच्या घरमालकीणबाईंनी पण. आणि पुढच्या महिन्यात म्हणाल्या, सुनीता, तू जरा मागच्या जिन्यानं ये-जा करत जा."

विन्या वैतागला. "म्हणजे कौतुकच करायचं नाही का? त्या बाई बाबांना जेवू कशा घालतात ते तू बघायला पाहिजेस."

ते मी बघितलं आहे. फेब्रुवारीत विन्याबरोबर गेलो होतो. बाबांची उजवी बाजू गेलेली. मावशींनी स्टूल ओढलं आणि त्यांच्या डाव्या हाताला, डोळ्यासमोर डोळे येतील अशा बसल्या. पातळ खिचडीचा अर्धा चमचा, चांगल्या बाजूनं. घास दिल्यावर त्यांची नजर बाबांच्या गळ्याच्या घाटीवर. ती वर जाऊन खाली येईपर्यंत दुसरा चमचा उचलायचा नाही. अधूनमधून लुळ्या पडलेल्या गालात बोट फिरवून तिथं साठलेली शितं काढायची. ती राहिली की श्वासनळीत जातात आणि साध्या खिचडीनं न्यूमोनिया होतो, हे मला नंतर सुनीतानं सांगितलं. सहाव्या घासाला बाबांनी ओठ मिटले. मग मावशी म्हणाल्या, "काका, आज हळदीचा सौदा कितीला निघाला?"

बाबा मार्केट यार्डात अडत्याकडं चाळीस वर्षं दिवाणजी होते. मुलाचं नाव विसरले, पण भाव विचारला की तोंड उघडतं. त्यांनी कुठल्या तरी जुन्या सालातला भाव सांगितला, आणि सांगायला तोंड उघडलं तसा सातवा घास आत. सगळी वाटी संपायला चाळीस मिनिटं लागली. हळदीचं हे विन्यानं त्यांना सांगितलेलं नव्हतं. बाबा झोपेत बरळताना त्यांनी ऐकून ठेवलं होतं.

मी हे कट्ट्यावर सांगितलं तेव्हा अण्णासुद्धा गप्प बसून ऐकत होते.

"आणि पाठ?" सुनीतानं विचारलं. "पाठीला जखम आहे?"

"नाही. चौदा महिने झाले, एक नाही."

"मग दर दोन तासाला कूस बदलतायत. रात्री बाराला, दोनला, चारला पण. नुसत्या हवेच्या गादीवर भागत नाही रे ते. ज्या माणसाच्या पाठीला काही झालं नाही, त्याची फाईल कोण बघतंय? जखम झाली की सगळे धावत येतात. झालीच नाही, हे कुणाचं काम आहे ते कुणाला कळतच नाही." मग चहाचा घोट घेऊन म्हणाली, "नाव काय त्यांचं?"

"कुणाचं?"

"ज्या जेवू घालतात त्यांचं."

विन्या म्हणाला, "मावशी."

"नाव विचारलं मी."

त्यानं फोन काढला. नंबर कुठल्या नावानं ठेवलाय ते मला दिसलं. 'आश्रम मावशी 2'.

मग सुनीता जे सुटली ते सुटली. म्हणाली, "मावशी म्हणणं मला गोड वाटायचं आधी. आता नाही वाटत. बहिणीच्या मुलासाठी मावशी पगार मागत नसते, सुट्टी मागत नसते, म्हणून तुम्ही मावशी म्हणता. डॉक्टरला काका म्हणता का? मिरजेत वॉन्लेस साहेबांनी 1894 ला दवाखाना काढला, त्यांच्या नावानं अख्खी वानलेसवाडी झाली. झालीच पाहिजे, मोठा माणूस. पण त्यांच्या हाताखाली बेडपॅन कोण उचलत होतं? एका बाईचं नाव सांगा मला."

"आता सव्वाशे वर्षांपूर्वीचं कोण सांगणार?" मी म्हणालो.

"विन्याला चौदा महिन्यांपूर्वीचं येत नाही."

संज्यानं विषय पैशावर नेला, त्याला बरं वाटतं तिथं. कुपवाड एमआयडीसीत त्याचं वर्कशॉप आहे. म्हणाला, "मालकानं नऊच जण का ठेवलेत ते मी सांगतो. वीसच्या आत माणसं असली की पीएफची सक्ती नाही. दहाच्या आत असली की ईएसआयची, म्हणजे कामगार विम्याची पण नाही. बाई कामावर कंबर मोडून घेतली तर औषध तिच्या पदरचं."

"तुझ्याकडं किती जण?" अण्णांनी विचारलं.

"चौदा."

"म्हणजे पीएफ न्हाई."

"ईएसआय भरतो की!" पण आवाज जरा खाली आला होता. संज्याचं एक बरं आहे, सापडला की नाकबूल करत नाही.

विन्यानं न विचारता फोन लावला. दहा वाजायला आले होते, मावशी रात्रपाळीला असतात हे तेवढं त्याला माहीत होतं. स्पीकरवर टाकला.

"मावशी, विनायक बोलतोय. बाबा बरे?"

"आत्ताच डोळा लागलाय काकांचा."

"मावशी, तुमचं नाव काय?"

पलीकडं काहीच आवाज नाही. मग एकदम बारीक स्वरात, "का ओ साहेब? काय चुकलं का माझं?"

विन्याचं तोंड बघण्यासारखं झालं. "नाही नाही, सत्कार करायचाय तुमचा, नाव पाहिजे होतं."

"फोटो काढणार?"

"हो."

"नको साहेब. गावाकडं मी दवाखान्यात हाय म्हणून सांगितलंय. म्हाताऱ्यांचं हागणं-मुतणं काढतीया म्हटलं की पोराचं जमता जमायचं न्हाई. तेवढं लगीन होऊ द्या, मग काय घालायचं ते घाला." आणि मग, बहुधा माणूस नाराज होईल म्हणून, नाव सांगितलं. पहिलं, नवऱ्याचं, आडनाव, शाळेत हजेरी देतात तसं. ते मी इथं लिहीत नाही. विन्यानं फोनमध्ये बदलून घेतलं एवढं सांगतो.

सुनीतानं त्याच्या हातातून फोन घेतला. "ताई, मी सुनीता, मिरजेला सिस्टर आहे. फोटो नाही काढत कुणी. तुम्हाला तिथं काय पाहिजे ते सांगा. शाल सोडून."

"मला काय नको बाई."

"कामाचं काही?"

थोडा वेळ गेला. मागं कोणी तरी म्हातारी बाई "आई गं, आई गं" करत होती, न थांबता.

"ती कमोडची खुर्ची हाय बघा. तिचं पुढचं चाक अडकतंय. उंबऱ्यापाशी आलं की काकांसकट उचलाय लागती. काका अंगानं भारी. कंबर धरती वो माझी. मालकांना दोनदा सांगितलं, बघू म्हणले."

संज्या पायरीवरून उठून फोनजवळ आला. "गोल फिरणारं चाक आहे का सरळ जाणारं? रबराचं का प्लास्टिकचं?"

"रबराचं. फिरतंय ते. न्हाई, फिरत न्हाई म्हणूनच तर..."

"किती इंची असेल?"

"इंच काय मला... माझ्या वितीपेक्षा कमी. थांबा हां, ठेवते मी. काकांची कूस बदलायची वेळ झाली."

फोन बंद झाला. अण्णा म्हणाले, "चाक मालकानं बसवायचं. बावीस हजार घेतोय तो. तुम्ही बसवलं की तो दुसऱ्या खुर्चीलाही तुमचीच वाट बघंल."

"बरोबर आहे तुमचं," विन्या म्हणाला. "मी सोमवारी जाऊन बोलतो त्याच्याशी. पगाराचंही विचारतो."

"तो तुला बाबांना दुसरीकडं न्या म्हणाला तर?"

ह्याला विन्याकडं उत्तर नव्हतं. आमच्याकडंही नव्हतं. सुनीतानं हेल्मेट चढवलं आणि गाडी सुरू केली.

संज्या मात्र आपली वीत कागदावर ठेवून बघत होता. "चार इंची असणार," तो म्हणाला. "आणि एक बदलून भागायचं नाही. चारी बदलायला पाहिजेत, नाहीतर खुर्ची कलते. पैसे काढा तीनशे-तीनशे."