अर्धं कोर्ट, ९१ आठवडे

"काही म्हणा, एकेरी खेळतो तोच खरा खेळाडू. सानिया २७ नंबरापर्यंत गेली, दमली, अन् डबल्समधे जाऊन बसली." गुत्तेदारांनी वजिराबादच्या टपरीवर बशीत चहा ओतायच्या आधीच निकाल देऊन टाकला. त्यांच्या मोबाइलवर कुणीतरी टेनिसपटू सानिया मिर्झा अन् तिची डबल्समधली जोडीदार मार्टिना हिंगिस यांच्या मॅचचा तुकडा पाठवला होता, एवढंच निमित्त.

मोईनभाई रॅकेटचं गटिंग करतात, म्हणजे जाळी विणून देतात, आणि सकाळी पोरांना खेळवतात. त्यांनी ग्लास खाली ठेवला. "दमली नाही साहेब, मनगट गेलं. तिचा फोरहँड आठवा. मनगट मागं इतकं मोडायचं की रॅकेटचं डोकं पार मागं राहायचं, अन् शेवटच्या क्षणाला फटकन पुढं यायचं. त्या झटक्यातच तिचा वेग. पण समोरून जड चेंडू आला अन् मारायला जरा उशीर झाला, की सगळा भार त्याच सांध्यावर. २००८ ला ऑपरेशन झालं ते उजव्या मनगटाचंच."

"मग शैली बदलायची की!"

"वयाच्या विशीत? तो झटका काढला तर तिच्याकडं उरतंय काय? त्याच फोरहँडवर २००५ ला हैदराबादची डब्ल्यूटीए, म्हणजे बायकांच्या व्यावसायिक टेनिसची स्पर्धा जिंकली, त्याच वर्षी यूएस ओपनच्या चौथ्या फेरीत गेली. अन् तुम्ही ज्याला नुसतं सत्तावीस म्हणायलाव ना, तिथपर्यंत आपली दुसरी पोरगी अजून पोचली नाही."

"हैदराबादची म्हणून तू बाजू घेऊलालास," गुत्तेदार म्हणाले. "तुझं सासर तिथलं."

"सासरचे लोक क्रिकेट बघतात."

जोशी सरांना आकडे दिसले की राहवत नाही. "सिंगल्सचं कोर्ट २७ फूट रुंद, एकटीनं राखायचं. डबल्सचं ३६, म्हणजे माणशी १८."

गुत्तेदार टेबलावर थाप मारून उठलेच. "बघा! सर पण माझ्याकडून! काम कमी, मजुरी तीच!"

"पळणं कमी," मोईनभाई म्हणाले. "पण चेंडू टाकायला जागा किती उरते ते बघा. एकेरीत रिटर्न, म्हणजे सर्व्हिसला परत मारलेला चेंडू, मधोमध उंच गेला तरी चालून जातो. डबल्समधे जाळ्याशी एक बाई रॅकेट उचलून उभीच असते. तिरका मारायचा, जाळ्यावरून कमी उंचीनं, अन् सर्व्हिस करून पुढं येणारीच्या पायाशी पडला पाहिजे. वीतभर वर राहिला की संपलं, टप्पा पडायच्या आधीच व्हॉली मारून ती पॉइंट घेते. सरळ रेषेत मारावा तर मधे तीन फूट असलेलं जाळं खांबाशी साडेतीन होतं. आता सांगा, असा रिटर्न दिवसभर न चुकता मारायला फोरहँड कुणाचा पाहिजे?"

पप्या म्हणाला, "अन् सर्व्हिस?"

"सानियाची दुसरी सर्व्हिस, पहिली चुकल्यावर मारायची ती, कधीच जड नव्हती. एकेरीत एक गेम सोडून एक सर्व्हिस येते, समोरची मागं सरकायच्या ऐवजी आत येऊन उभी राहते. डबल्समधे चार गेममधे एकदाच पाळी, अन् तेव्हाही जाळ्याशी हिंगिससारखी उभी असली तर समोरची मोकळा हात सोडू शकत नाही. जे दुबळं ते झाकलं, जे जबरी ते सारखं वापरलं. याला पळ काढणं म्हणत नाहीत."

मला मोईनभाईंचं शब्दन् शब्द पटतं. २०१५ च्या मार्चमधे सानिया अन् हिंगिस एकत्र आल्या. इंडियन वेल्स, मायामी, चार्ल्सटन अशा लागोपाठ तीन स्पर्धा जिंकल्या आणि एप्रिलमधे सानिया डबल्सच्या क्रमवारीत पहिल्या क्रमांकावर. एकूण ९१ आठवडे ती तिथं होती. दोघी मिळून सलग ४१ सामने हरल्या नाहीत. विम्बल्डनचा अंतिम सामना तर बघण्यासारखाच: समोर माकारोव्हा-व्हेस्निना, पहिला सेट गेलेला, तिसऱ्यात २-५ ने मागं. तिथून ५-५ केलं, अंधारलं म्हणून छप्पर बंद झालं, आणि पुढचे दोन्ही गेम घेऊन सेट ७-५. इथं डबल्सच्या सावलीत बसलेलं कोण दिसतं?

"मग ऑलिम्पिकचं मेडल कुठंय?" गुत्तेदारांनी शेवटचा पत्ता टाकला.

"रिओला मिश्र दुहेरीत रोहन बोपण्णासोबत चौथी आली. अन् लंडनच्या वेळी पुरुषांच्या भांडणात तिची जोडी परस्पर ठरवली, ते विसरलाव? बोलून दाखवलं तिनं, जाहीर. डबल्समधे जोडीदार लादला की काय होतं ते तुम्हाला नको सांगायला."

पप्या हसायला लागला. ती जुनी जखम सगळ्यांना ठाऊक आहे: क्लबची मॅच, गुत्तेदार डाव्या बाजूला, मोईनभाई उजव्या, शेवटचा पॉइंट, अन् चेंडू दोघांच्या मधून गेला.

"मी 'तुझा' म्हणलो होतो!" गुत्तेदार उखडले.

"डाव्या बाजूच्या उजव्या हाताच्या माणसाचा फोरहँड मधेच येतो. मधला चेंडू त्याचा. हा नियम मी आठ वर्षांच्या पोरांना पहिल्या आठवड्यात शिकवतो."

"सर, तुम्ही सांगा, मी ओरडलो होतो का नव्हतो?"

"ओरडलात," सर म्हणाले, "पण चेंडू मागच्या जाळीला लागल्यावर."

पप्याला ठसका लागला, चहा नाकातून आला. गुत्तेदार स्वतःच पोट धरून हसत खाली बसले अन् म्हणाले, "रविवारी मी उजव्या बाजूला खेळणार. मधला सगळा मोईनचा."