इंजेक्शननंतरचे आठ तास

गुडघा, खांदा किंवा मान वर्षानुवर्षं दुखत असेल आणि डॉक्टरांनी नर्व्ह ब्लॉक, म्हणजे वेदना मेंदूकडे नेणारी नस इंजेक्शनने बधिर करणं, सुचवला, की मराठी घरात दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, हा सगळा स्टेरॉइडचा खेळ, चार दिवसांचा आराम, नादी लागू नका. दुसऱ्याच्या हातात पत्रक असतं: विनाशस्त्रक्रिया, एका इंजेक्शनात कायमची वेदनामुक्ती. ब्रिटनमध्ये राहून हा वाद ऐकताना वाटतं, की दोघेही चुकीच्या प्रश्नावर भांडताहेत. आराम किती टिकेल हे नंतर बघता येईल. आधी हे कळायला हवं, की दुखणं याच नसेतून येतंय का. त्याचं उत्तर इंजेक्शननंतरच्या सहा-आठ तासांत मिळतं, आणि ते कुणी लिहून ठेवलं नाही तर कायमचं हुकतं.

ब्लॉकमध्ये बधिर करणारं औषध नसेच्या आत नव्हे, तिच्या भोवती सोडतात. अशी दोन औषधं नेहमीची: लिग्नोकेन आणि बुपिव्हाकेन. लिग्नोकेन 5-10 मिनिटांत लागू पडतं आणि साधारण 1-2 तासांत उतरतं. बुपिव्हाकेनला 15-30 मिनिटं लागतात, पण त्याचा असर बरेच तास राहतो. सोबत अनेकदा मिथाइलप्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड असतं आणि त्याचा परिणाम दिसायला काही दिवस जातात. म्हणजे पहिल्या दुपारचा आराम बधिरीचा आणि दुसऱ्या आठवड्यातला, मिळालाच तर, बहुधा स्टेरॉइडचा. संध्याकाळी बधिरी उतरून ठणका परत आला, की घरात लगेच ‘इंजेक्शन फुकट गेलं’ असा निकाल लागतो. खरं तर त्या दुपारी दुखणं निम्म्याहून कमी झालं असेल, तर हवी ती माहिती मिळालेली असते.

गुडघ्याच्या झिजेत जेनिक्युलर नसांचा, म्हणजे गुडघ्याच्या वेदना वाहणाऱ्या बारीक नसांचा, ब्लॉक देतात तो असाच. गुडघ्याच्या वर आतून-बाहेरून आणि खाली आतल्या बाजूने, अशा तीन नसांजवळ प्रत्येकी साधारण 1 मिली औषध देतात. खालची बाहेरची बाजू मुद्दाम टाळतात, कारण तिथून पाऊल वर उचलणाऱ्या स्नायूंची नस जाते. तपासणीच्या ब्लॉकमध्ये औषध थोडंच हवं. एका जागी 5 मिली ओतलं तर ते आजूबाजूला पसरतं, आराम मिळतो, पण कशामुळे मिळाला ते सांगता येत नाही. झोपेचं किंवा गुंगीचं औषध दिलं तरी तोच घोटाळा होतो, कारण त्यानेच दुखणं तात्पुरतं कमी वाटतं. नंतर पेशंटने पडून राहायचं नाही. आधार घेऊन, सोबत कुणाला तरी ठेवून, जिने चढायचे, खुर्चीतून उठबस करायची, जे केल्याने दुखतं तेच करून बघायचं. इंजेक्शनच्या आधी आणि नंतर दर अर्ध्या तासाने 0 ते 10 मध्ये आकडा लिहायचा. आकडा निम्म्यावर किंवा त्याखाली आला तर पुढची पायरी, म्हणजे रेडिओफ्रिक्वेन्सी. त्यात सुईचं टोक साधारण 80 अंश सेल्सियसला दीड मिनिटाच्या आसपास तापवून नसेचा तेवढा भाग निकामी करतात. नस पुन्हा वाढते, म्हणून हा आराम महिन्यांचा असतो, जन्माचा नसतो. पत्रकातलं ‘कायमची’ तिथेच खोटं ठरतं.

उलटा निकालही तितकाच मोलाचा. हर्नियाच्या ऑपरेशननंतर जांघेत महिनोन्‌महिने कळ राहिली, तिथल्या नसेला ब्लॉक दिला, कातडी बधिर झाली, पण कळ तशीच राहिली, तर नस बधिर झाली आणि दुखण्याचं मूळ दुसरीकडे आहे हे कळलं. तिथे त्याच नसेला पुन्हापुन्हा टोचण्यात अर्थ नाही. नुसत्या आशेनेही काही जणांना आराम वाटतो. त्यामुळे मोठा निर्णय घ्यायचा असेल तर वेगळ्या दिवशी वेगळ्या मुदतीचं औषध देऊन पुन्हा बघणं बरं. लिग्नोकेनने थोडा वेळ आणि बुपिव्हाकेनने जास्त वेळ आराम मिळाला, तर निकालावर भरवसा ठेवता येतो.

ब्रिटनने ही शिस्त कागदावर आणली आहे. कंबरदुखीसाठी पाठीच्या कण्यात इंजेक्शनं देऊ नका, असं कोणते उपचार द्यावेत याच्या शिफारशी करणाऱ्या नाइस या सरकारी संस्थेने 2016 मध्ये सांगितलं. रेडिओफ्रिक्वेन्सीचा विचारही तेव्हाच, जेव्हा इतर उपाय थकलेत, दुखणं 10 पैकी 5 किंवा जास्त आहे आणि तपासणीच्या ब्लॉकने आराम पडला आहे. 2021 मध्ये, ज्या जुनाट दुखण्यामागे दुसरा आजार सापडत नाही किंवा जे त्या आजाराच्या मानाने फार जास्त आहे, त्यासाठी व्यायाम, मानसोपचार, अ‍ॅक्युपंक्चर आणि काही नैराश्यविरोधी औषधं सुचवली, तर स्नायूंच्या गाठींत दिली जाणारी इंजेक्शनं नाकारली. मायदेशी या दोन्ही बातम्या ‘ब्रिटनने इंजेक्शनं बंद केली’ अशा एका ओळीत पोचतात. ते खरं नाही. एका ठरावीक नसेचं दुखणं, खांद्याच्या सांध्याची झीज, क्लस्टर डोकेदुखी (डोक्याच्या एकाच बाजूला, डोळ्याभोवती झटक्यांनी येणारी तीव्र कळ) यांसाठी ब्लॉक इथे आजही दिले जातात.

पण इथली पद्धत डोळे झाकून उचलावी असंही मुळीच नाही. उपचार 18 आठवड्यांत सुरू व्हावा हे इंग्लंडचं ठरलेलं माप आहे आणि ते सर्रास मोडतं. त्याहून जास्त राग येतो तो ब्लॉक आणि फिजिओथेरपी यांच्या फारकतीचा. आखडलेल्या खांद्यासाठी सुप्रास्कॅप्युलर नसेचा, म्हणजे खांद्याच्या मागून जाणाऱ्या नसेचा, ब्लॉक दिला की काही आठवडे हात हलवता येईल इतपत दुखणं उतरतं. तेवढ्यात व्यायाम झाला तर ब्लॉक सार्थकी लागतो. फिजिओथेरपीची तारीख तीन महिन्यांनंतरची आली तर ती संधी गेली. भारतात चांगल्या पेन क्लिनिकमध्ये सोमवारी ब्लॉक आणि मंगळवारी त्याच छताखाली व्यायाम होऊ शकतो. ही ताकद इथल्यापेक्षा मोठी आहे आणि तिची कदर व्हायला हवी.

तिकडची एक अडचण मात्र इथल्या डॉक्टरांना समजावून सांगावी लागते. नस सोनोग्राफीवर बघत सुईचं टोक तिच्या शेजारी नेणं ही आज सर्वमान्य पद्धत आहे. भारतात गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या 1994 च्या कायद्यामुळे सोनोग्राफी यंत्राची नोंदणी बंधनकारक आहे, मग ते खांद्यासाठी वापरायचं असो की गुडघ्यासाठी, आणि नोंदलेल्या जागेबाहेर ते सहज नेता येत नाही. हा कायदा हवाच, तो सैल करा असं मी कधीच म्हणणार नाही. पण यंत्र नसलं की काही ठिकाणी हाडांच्या खुणांवरून अंदाजाने सुई जाते. म्हणून आधीच विचारावं: सोनोग्राफी किंवा एक्स-रेखाली देणार का?

काय बिघडू शकतं, तेही घरच्यांना ठाऊक असावं. बुपिव्हाकेनची नेहमीची कमाल मात्रा वजनाच्या दर किलोला 2 मिलिग्रॅम. 50 किलोच्या आजींना 100 मिलिग्रॅम, म्हणजे 0.5 टक्क्याचं 20 मिली. एकाच दिवशी दोन्ही खांदे आणि गुडघे उरकायला गेलं की हा हिशोब सुटतो. औषध रक्तवाहिनीत गेलं किंवा जास्त झालं तर ओठांभोवती बधिरपणा, तोंडात धातूची चव, कानात आवाज, मग झटके आणि हृदयाचे ठोके बिघडणं, अशी लक्षणं येतात. म्हणून सुई मागे ओढून रक्त येतं का ते बघत, 3 ते 5 मिलीच्या टप्प्यांनी औषध सोडतात. उतारा म्हणून 20 टक्क्यांचं लिपिड इमल्शन, म्हणजे शिरेतून द्यायचं स्निग्ध द्रावण, खोलीत हाताशी हवं. पहिली मात्रा किलोला 1.5 मिली, म्हणजे याच आजींना 75 मिली, मिनिटाभरात.

औषध सोडताना वीज गेल्यासारखी कळ आली तर पेशंटने लगेच बोलायचं आणि डॉक्टरांनी थांबायचं. गाढ झोपेत ब्लॉक देऊ नये याचं हे दुसरं कारण. सुप्रास्कॅप्युलर ब्लॉकमध्ये सुई खोल गेली तर फुप्फुसाला छिद्र पडू शकतं. नंतर दम लागला तर थेट हॉस्पिटल गाठायचं. मधुमेहींची साखर स्टेरॉइडने काही दिवस चढते, तेव्हा मोजणी वाढवावी. डोक्याच्या मागे ट्रायम्सिनोलोन हे स्टेरॉइड दिलं तर त्या जागी केस गळून खळगा पडू शकतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मनाने बंद करू नयेत. नस किती खोल आहे यावर ते ठरतं आणि ते डॉक्टरांनी ठरवायचं.

आईवडील काही महिने इथे आणि काही महिने तिथे राहत असतील, तर प्रत्येक ब्लॉकनंतर एक कागद मागून घ्यावा. तारीख, बाजू, नसेचं नाव, औषधाचं नाव, टक्के आणि मिली, स्टेरॉइड कोणतं नि किती, सोनोग्राफीचं छायाचित्र, आणि खाली दर अर्ध्या तासाचे आकडे. ‘नसेचं इंजेक्शन दिलं, बरं वाटलं’ एवढ्या एका ओळीवर कुठल्याही देशातला डॉक्टर पुढचं काही ठरवू शकत नाही. आकडे असतील तर तीच तपासणी पुन्हा करण्याची वेळ बहुतेकदा येत नाही.