गोलात बसा, पण कबुलीजबाब मागू नका

ठाण्यात आणि नवी मुंबईत अस्मितेच्या प्रश्नावर माणसं जमतात ती मोर्चात, नाहीतर व्याख्यानाला. नवी मुंबईच्या विमानतळाला प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील यांचं नाव मिळावं म्हणून २४ जून २०२१ला बेलापूरच्या सिडको भवनाला घेराव पडला. २७ जानेवारी २०२४ला मराठा आरक्षणाचा मोर्चा वाशीच्या शिवाजी चौकात येऊन थांबला. जुलै २०२५मध्ये ठाणे जिल्ह्यातल्याच मीरा रोडला मराठी बोलण्यावरून आधी व्यापारी रस्त्यावर उतरले आणि पाठोपाठ मराठी माणसं. व्याख्यानांचं म्हणाल तर त्यात आपला हात धरणारं कुणी नाही. पण मोर्चात घोषणा एकाच बाजूच्या असतात आणि व्याख्यानात बोलणारा एकच असतो. आगरी, मराठा, बौद्ध, मुसलमान, गुजराती, उत्तर भारतीय अशी एका सेक्टरमध्ये, कधी एकाच जिन्यावर राहणारी माणसं समोरासमोर बसून बोलतील अशी जागा तिथे नाही.

मी राहतो त्या अमेरिकेत, सिएटलमध्ये आणि इतर बऱ्याच गावांत, अशी जागा आहे: वंशभेदावर बोलायला बसणारे संवादाचे गोल. ती ठाण्याला हवी असं माझं ठाम मत आहे. मात्र जशीच्या तशी उचलली तर ती तिथे नुकसान करेल, हेही तितकंच खरं.

आधी तिची रीत सांगतो. १९९२मध्ये रॉडनी किंग या काळ्या माणसाला मारहाण करणाऱ्या पोलिसांच्या खटल्याच्या निकालानंतर लॉस एंजेलिसला दंगल उसळली. त्या वर्षी ओहायोतल्या लिमा या छोट्या शहरात महापौर, तिथलं विद्यापीठ आणि चर्च यांनी मिळून वंशभेदावर गावभर अभ्यासमंडळं सुरू केली. पुढे शेकडो गावांनी वापरलेला साचा साधारण तोच आहे. एका गोलात आठ ते बारा माणसं. संवादक, म्हणजे चर्चा चालवणारे, दोन, आणि शक्यतो एक गोरा, एक काळा. चार ते सहा बैठका, प्रत्येक दोन तासांची, आठवड्याला एक. पहिल्या बैठकीत नियम आणि ओळख, मधल्या बैठकांत प्रश्न कसा दिसतो आणि कशामुळे आहे यावर बोलणं, शेवटच्या बैठकीत काय करायचं ते ठरवणं. मग गावातले सगळे गोल एकत्र येतात आणि कामं वाटून घेतात. हे शेवटचं पाऊल गाळलं की बाकी सगळं वाया जातं. पोलिसाच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाच्या हत्येनंतर २०२०मध्ये कंपन्यांत आणि ग्रंथालयांत असे गोल खूप निघाले. त्यातले बरेच ओसरले, कारण बोलून झाल्यावर करायचं काय, हे कुणी ठरवलंच नव्हतं.

‘हे अमेरिकी खूळ इकडे कशाला’ हा आक्षेप तिकडे हटकून येतो. त्याला उत्तर आपल्याच इतिहासात आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. १९४६मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले काळे विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहिलं, कारण अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे जो अर्ज केला होता त्याची प्रत त्यांना हवी होती. १९७२मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरशी नावापासूनच नातं उघड होतं. हा रस्ता आपल्या लोकांनी दीडशे वर्षांपूर्वी बांधलाय.

इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, भारतीयांबद्दलही स्पष्ट बोललं पाहिजे. वर्णभेदाची तक्रार करताना आपण काळ्या माणसाच्या शेजारी उभे राहतो, पण जातीचा विषय निघाला की आपली जीभ जड होते. हे आजचं नाही. तेव्हा आशियातून आलेल्याला गोरा ठरल्याशिवाय नागरिकत्व मिळत नसे. पंजाबातून आलेल्या भगतसिंग थिंड यांनी त्यासाठी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात दावा मांडला तो ‘मी उच्चजातीय हिंदू, म्हणून गोरा’ असा. १९ फेब्रुवारी १९२३ला न्यायालयाने तो फेटाळला आणि त्यापाठोपाठ अनेक भारतीयांचं मिळालेलं नागरिकत्वही गेलं. जात वापरून वंशाच्या शिडीवर वर चढू पाहणं असं अंगाशी आलं. बरोबर शंभर वर्षांनी, २१ फेब्रुवारी २०२३ला, सिएटलच्या नगर परिषदेने सहा विरुद्ध एक मतांनी जातिभेदावर बंदी घातली. ठराव आणणाऱ्या क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या, मुंबईत वाढलेल्या. बाजूने आणि विरोधात, दोन्हीकडे भारतीय वंशाची माणसं होती. कॅलिफोर्नियात तसंच विधेयक विधिमंडळाने मंजूर केलं, पण ऑक्टोबर २०२३मध्ये गव्हर्नरांनी ते परत पाठवलं. सध्याच्या कायद्यात जातीचा भेदभाव आधीच येतो, असं कारण त्यांनी दिलं. हे प्रश्न इथे परिषदेत आणि न्यायालयात पोचले, पण मराठी मंडळाच्या गणपतीत त्यावर गोल बसलेला क्वचितच दिसतो. तेव्हा इथून तिकडे उपदेश करण्याचा अधिकार आपल्याला फारसा नाही. कामाची पद्धत मात्र सांगता येते.

आता जे उचलू नये ते. इथल्या गोलांत ‘विशेषाधिकाराची चाल’ नावाचा एक प्रकार फार चालतो. सगळे एका ओळीत उभे राहतात आणि संवादक एकेक वाक्य वाचतो. ‘लहानपणी घरात पन्नासपेक्षा जास्त पुस्तकं होती? एक पाऊल पुढे.’ ‘कारण नसताना पोलिसांनी कधी अडवलं? एक पाऊल मागे.’ वीस-पंचवीस वाक्यांनंतर खोलीत माणसं पांगलेली दिसतात, आणि मग मागच्यांनी आपलं दुःख सांगायचं, पुढच्यांनी अपराध कबूल करायचा. शिकतात ते पुढचे, आणि त्यांच्या शिक्षणाची किंमत मोजतात मागचे. इथे निदान ग्रंथालयातले बहुतेक लोक एकमेकांना अनोळखी असतात आणि बैठक संपली की आपापल्या वाटेने जातात. ठाण्यात तेच लोक दुसऱ्या दिवशी सकाळी लिफ्टमध्ये भेटणार. त्या ओळीत सर्वांत मागे उभी राहिलेली बाई कदाचित अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर राहत असेल, आणि करार पुन्हा करायचा की नाही हे ठरवणारा घरमालक तिच्या चार पावलं पुढे उभा असेल. तिला खरं बोलायला लावणं हा तिच्यावरच अन्याय आहे.

म्हणून ठाण्याच्या गोलात मध्यभागी माणसाचं आयुष्य ठेवू नये, इमारतीचे कागद ठेवावेत. भाडेकरू नोंदणीचा अर्ज, दलालांनी पाठवलेले मेसेज, लिफ्टजवळची सूचना, सुरक्षारक्षकाची नोंदवही. घोडबंदर रोडवरच्या किंवा खारघरच्या कुठल्याही दलालाचे प्रश्न काढून पाहा: फॅमिली की बॅचलर, व्हेज की नॉनव्हेज, आडनाव काय, मूळ गाव कुठलं. चार प्रश्नांत धर्म कळतो, जातीचा अंदाज येतो, आणि ‘जात’ हा शब्द कुणाला उच्चारावाही लागत नाही. नवी मुंबईत हे जास्तच खुपतं. हे शहर उभं आहे ते ९५ गावांच्या जमिनीवर. त्या गावांतली आगरी-कोळी माणसं मासळीवर वाढलेली, आणि त्याच जमिनीवरच्या इमारतीत ‘फक्त शाकाहारी’ अशी अट लागते.

‘आमच्याकडे जातबित कुणी मानत नाही’ हे वाक्य पहिल्या अर्ध्या तासात येतंच. संवादकाने ते खोडायला जाऊ नये, वाद सुरू झाला की गोल संपतो. त्याने शांतपणे विचारावं, ‘गेल्या तीन वर्षांत आपल्याकडे भाड्याने कोण आलं, आणि विचारणा करून कोण परत गेलं?’ मग नोंदवही उघडावी आणि दोन मिनिटं गप्प बसावं. ती शांतता संवादकालाच सर्वांत जड जाते, आणि नवखा असेल तर तिथेच तोंड उघडून भाषण सुरू करतो. दोन संवादक लागतात ते यासाठीच. एकाने विचारायचं, दुसऱ्याने घड्याळ आणि पहिल्याचा उतावळेपणा सांभाळायचा.

माणसं दहा पुरेत, त्यात किमान तीन भाडेकरू. कुठल्याही अल्पसंख्य गटातून एकालाच बोलावू नका. एकटा मुसलमान किंवा एकटा बौद्ध बसला की सगळे त्याच्याकडे वळून ‘तुमच्या समाजाचं काय म्हणणं?’ विचारतात. घरकाम करणाऱ्या बायका आणि सुरक्षारक्षक हवेतच, पण दुसऱ्या सोसायटीतले, म्हणजे मालकासमोर बोलावं लागणार नाही. त्यांचे दोन तासांचे पैसे आधी द्यावेत आणि चहा त्यांनी करायचा नाही.

जागा शाळेचा वर्ग किंवा ग्रंथालय. क्लब हाउस नको, कारण बऱ्याच ठिकाणी भाडेकरूला तिथे हक्काने बसता येत नाही. देवळाचा सभामंडपही नको. वेळ रविवारी सकाळी साडेदहा ते साडेबारा, आठवड्याच्या दिवशी लोकलने घरी यायलाच साडेआठ वाजतात. छातीवरच्या चिठ्ठीवर फक्त पहिलं नाव. मोबाइल पिशवीत, रेकॉर्डिंग नाही, आणि व्हॉट्सॲप ग्रुप केलाच तर वेळ-ठिकाण कळवण्यापुरता. एक स्क्रीनशॉट बाहेर गेला की पुढच्या बैठकीला निम्मे येत नाहीत. भाषा मराठी, पण हिंदीत बोलणाऱ्याला थांबवायचं नाही आणि आगरी बोलणाऱ्याचं मराठी सुधारायचं नाही. पहिली फेरी प्रत्येकी दोन मिनिटांची, मध्ये कुणी बोलायचं नाही. हा नियम नसेल तर तीन निवृत्त गृहस्थ पहिला तास खाऊन टाकतात. नगरसेवकाला सत्काराला बोलावू नये, हे सांगायला नको.

बैठका चार. पहिलीत नियम आणि ओळख, दुसरीत कागद. तिसरी आरक्षण आणि भाषेसाठी राखून ठेवावी, नाहीतर हे विषय प्रत्येक बैठकीत घुसतात आणि बाकी सगळं गिळतात. त्या दिवशी एका पानावर ठोस माहिती छापून हातात द्यावी: सर्वोच्च न्यायालयाच्या १९९२च्या इंद्रा साहनी निकालातली आरक्षणाची ५० टक्क्यांची मर्यादा, २०१९चं आर्थिक दुर्बलांचं १० टक्के आरक्षण, फेब्रुवारी २०२४चा मराठा समाजासाठी १० टक्क्यांचा कायदा, आणि पहिलीपासूनच्या हिंदीचे शासन निर्णय २९ जून २०२५ला मागे घेतले गेले ते. मतं बदलणार नाहीत, पण निदान वाद एकाच आकड्यावर होतो.

चौथी बैठक ठरावाची, आणि अमेरिकेपेक्षा ठाण्यात सर्वांत वेगळी व्हायला हवी ती हीच. इथे गोलात घर नाकारल्याची गोष्ट निघाली तर १९६८चा फेअर हाउसिंग कायदा आहे, वंश किंवा धर्मावरून घर नाकारलं म्हणून तक्रार करता येते. भारतात खाजगी घरमालकाला लागू होईल असा कायदा नाही. राज्यघटनेच्या कलम १५(२)मध्ये दुकानं, उपाहारगृहं, विहिरी आहेत, भाड्याचं घर नाही. २००५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पारशी गृहनिर्माण संस्थेचा फक्त पारशांना सभासद करण्याचा उपविधी, म्हणजे संस्थेचा अंतर्गत नियम, ग्राह्य धरला. महाराष्ट्राचा २०१६चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा महत्त्वाचा आहे, पण त्याचा रोख जात पंचायतींनी आपल्याच माणसांवर टाकलेल्या बहिष्काराकडे आहे. तेव्हा ठाण्याच्या गोलाला वकिलाकडे बोट दाखवून मोकळं होता येत नाही. त्याच्या हातात उरते सोसायटीची सर्वसाधारण सभा, आणि तिची ताकद लोक फार कमी समजतात.

आदर्श उपविधींप्रमाणे सदनिका भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही, कळवावं लागतं. तरीही समित्या होणाऱ्या भाडेकरूची ‘मुलाखत’ घेतात. ठराव यावरच करावा, आणि मोघम ‘समानता पाळू’ असा नको. भाडेकरूच्या अर्जात धर्म, जात, आहार यांचे रकाने असणार नाहीत. समिती मुलाखत घेणार नाही. करारपत्र आणि पोलीस पडताळणी याखेरीज कागद मागितला जाणार नाही. घरकाम करणाऱ्यांना आणि डिलिव्हरीवाल्यांना कुठलीही लिफ्ट बंद असणार नाही, आणि तळमजल्यावरचं स्वच्छतागृह त्यांच्यासाठी उघडं असेल. घरमालकाच्या मनातला भेद याने जात नाही, पण सोसायटीच्या नावाआड लपायची सोय जाते.

सर्वसाधारण वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हावी लागते आणि तिची नोटीस पूर्ण चौदा दिवस आधी निघते. नोटीस छापायच्या आधी ठरावाचा मसुदा लेखी देऊन चिटणीसांची पोच घ्या. आयत्या वेळच्या विषयात तो ढकलला की शेवटी, निम्मे सभासद उठून गेल्यावर, येतो. समिती टाळाटाळ करत असेल तर एक पंचमांश सभासदांच्या सह्यांनी विशेष सभा मागता येते. हे हिशोबात धरून पहिली बैठक जुलैच्या पहिल्या रविवारी घ्यावी. महिन्याभरात चारही बैठका उरकतात आणि गणपतीच्या धामधुमीआधी मसुदा समितीच्या हातात पडतो.